मी हाक मारेपर्यंत

३ तारीख, सोमवार
आलो बुवा एकदाचा! खोली ट्रकच्या यार्डाच्या कोपऱ्यात आहे. दोन खिडक्या, नळाला पाणी, भिंतीवर लेकीची चित्रं चिकटवायला ऐसपैस जागा. मालकांची अट एकच: तीन वर्षं बंद पडलेला निळा ट्रक रविवारपर्यंत चालू करून दाखव, मेकॅनिकची नोकरी पक्की आणि खोली तुझी. नाहीतर पुन्हा मेव्हण्याच्या घरी तिघं एका पलंगावर, वर त्याचे टोमणे. मरेन, पण तिथे परत जाणार नाही. बायकोला सांगून टाकलं, रविवारी बारापर्यंत लेकीला आणि सामान घेऊन ये.

४ तारीख, मंगळवार
बॅटरी नवी घातली. सेल्फ-स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टर बदलला, हातपंप मारून हवा काढायला घेतली. हे दोघांचं काम: एक खाली नटाशी, एक केबिनमध्ये किल्लीशी. पण केबिनमध्ये बसायला कुणी तयार होईना. वेल्डरचं पोट दुखलं, गेटवाल्याचे गुडघे. भित्रे लेकाचे! एकटाच लागलो. नट सैल केला आणि सवयीने ओरडलो, मार सेल्फ!
सेल्फ फिरला.
वर चढून पाहिलं. केबिन रिकामी. किल्ली माझ्या खिशात.

५ तारीख, बुधवार
वायरिंग सगळी तपासली, ठीक आहे. मग मुद्दाम ओरडून पाहिलं. फिरला. बस्स म्हटलं, थांबला. मेव्हण्याने माझं इतकं कधी ऐकलं नाही!
गेटवाल्याला खोदून विचारलं. म्हणाला, आधीच्या मेकॅनिकने ड्रायव्हरला बजावलं होतं, मी हाक मारेपर्यंत जागचा हलू नकोस. आणि पार्ट आणायला गेला तो तिकडेच गप्पा छाटत बसला. ड्रायव्हर शब्दाचा पक्का. भर उन्हात, ह्याच ट्रकच्या बंद केबिनमध्ये बसून राहिला. संध्याकाळी उतरवला तेव्हा जीव गेलेला होता.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मेलेल्याला घाबरून जित्या लेकीला दुसऱ्याच्या दारात ठेवू? जमायचं नाही.

७ तारीख, शुक्रवार
हाक न मारताच फिरला. बोटं पंख्याच्या पट्ट्यापाशी होती, दोन नखं गेली. बॅटरीची वायर काढून टाकली. तरी फिरला. सीटला हात लावला, कुणी नुकतंच उठल्यासारखी ऊबदार.
तोंड भरून शिव्या घातल्या आणि पुन्हा खाली शिरलो.

८ तारीख, शनिवार
लाइनमधली हवा संपली. नटातून नितळ डिझेल आलं, बुडबुडा नाही. वायर परत जोडली. उद्या चालू होणार म्हणजे होणार.
केबिनकडे बघून ठणकावलं, तुझं काम झालं, उतर आता.
दार उघडलं. पायरी दबली. धुळीत पावलं उमटली — माझ्या दिशेने —

९ तारीख, रविवार, साडेअकरा
किल्ली लावायला सीटवर बसलो. दार लागलं. उघडत नाही. पाना मारला, काच फुटत नाही. बॉनेटसमोर तो ड्रायव्हर उभा आहे. तळहात दाखवतोय. थांब म्हणतोय.
अरे, तुला बसवणारा मी नव्हतो!

पावणेबारा
घामाने पान भिजलं. गिअर आपोआप पडला. निघत नाही. आता सेल्फ मारला तर ट्रक पुढेच —

बारा
दोघी आल्या. ट्रकसमोरच उभ्या आहेत. लेक हात हलवतेय. बाजूला व्हा म्हणून ओरडतोय. त्यांना वाटतंय मी बोलावतोय —
त्याने हात खाली घेतला. हाक मारली, मार सेल्फ! माझ्याच आवाजात.
उजवा हात किल्लीकडे जातोय. म्हणून पेन्सिल धरलीय. लिहितोय तोवर हात माझा आहे. लिहीत राहणार. बघू कोण जिंकतं. नाही मारणार. नाही मारणार. पुन्हा हाक — नाही मार