फोल्कमारची पाळी

फ्रान्सचा किनारा, मार्च १९४३

लाडक्या आई,

आमची पाणबुडी सुखरूप बंदराला लागली. मी धडधाकट आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

पाणबुडीत दोघांत एकच बिछाना. एक पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्या उबेत शिरतो. माझा जोडीदार फोल्कमार ओरडायचा, "ऊठ रे आळशा! गादी तापवल्याबद्दल पदक नाही मिळायचं!"

पाणबुडी पाण्यावर आलेली असताना अटलांटिकच्या एका लाटेनं त्याला वरच्या पहाऱ्यावरून ओढून नेलं. परतताना अख्खा बिछाना माझाच होता. झोपेची काळजी करू नकोस. अंथरूण तेवढं गार लागायचं.

त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर उसवू नकोस.

इथे किनाऱ्यावर प्रत्येकाला वेगळी खाट आहे. तरी त्याची पाळी संपायची वेळ झाली, की मी उठतो आणि जागा मोकळी करून उभा राहतो.

तुझ्या कुशीत शिरावंसं वाटणारा,
हेनिंग