डोंगरावरचा उंदीर आमच्या स्वयंपाकघरात

तीर्थस्वरूप वन्संना वाकून नमस्कार. (मान आधीच खाली गेलेली असल्यामुळे या खेपेस वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचे गुडघे कसे आहेत? शेक घेता ना? इकडे तुमचे बंधू मजेत आहेत. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढतात आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडे बघत स्वतःचे काढतात. का, ते सांगायलाच हे पत्र. पेपरातला माझा फोटो तुम्ही जिन्यात लावून सगळ्या बिऱ्हाडांना दाखवलात असं कळलं. माझा तुम्हाला पहिल्यांदाच अभिमान वाटला आणि तो नेमका चुकीच्या गोष्टीचा वाटला, याची लाज बाकीच्या सगळ्या लाजेपेक्षा मोठी आहे.

एवढं शिकून मी करते काय, असं तुम्ही नेहमी विचारता. तर उंदीर, घुशी, खारी, साळिंदरं अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांचे मी नकाशे काढते. कोणती जात कुठे राहते, कुठे जाती जास्त, कुठे कमी. सपाटीवरच्या शहरांत जाल तिथे तेच ते उंदीर, माणसाच्या मागोमाग पोचलेले. डोंगर चढू लागलं की मात्र उंचीगणिक जात बदलत जाते, आणि एखादी अशी निघते की ती त्या एका डोंगराच्या एका उतारावर आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो उतार गेला की ती गेली. (लोकांना हे पटत नाही. उंदीर म्हटला की त्यांचा हात आधी चपलेकडे जातो.) अशा जातीला नकाशावर लाल रंग, जी कुठेही सापडते तिला पिवळा, म्हणजे काळजी नको. माझा लाडका लाल ठिपका म्हणजे एक तपकिरी उंदीर, शेपटीचं टोक पांढरं. त्याच्याच उतारावर दगडखाण काढायचं घाटत होतं, आणि परवानगी द्यायची की नाही हे एक समिती ठरवणार होती.

मी त्या डोंगरावर मुक्काम करून आले आणि थोड्याच दिवसांत आमच्या ओट्याखाली तोच उंदीर! पांढऱ्या टोकासकट. पातेलं उपडं टाकून मी तो पकडला. तुमच्या बंधूंनी बॅटरी मारून त्याचे नारिंगी दात तपासले आणि पेशंटची काही तक्रार नाही असं जाहीर केलं. वन्सं, त्या वेळी एक साधा प्रश्न पडायला हवा होता, की हा आला कुठून? मला तो पडलाच नाही. मला फक्त कीर्ती दिसली. डोंगरापासून इतक्या लांब, भर शहरात ही जात सापडते, केवढा शोध! मी लाल पुसून पिवळा भरला, सगळीकडे कळवलं आणि पेपरवाल्यांसमोर पातेलं धरून उभी राहिले. (ते घासलेलं नव्हतं, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच.) अभिनंदनाचे फोन आले. सगळ्यात मोठा पुष्पगुच्छ खाणवाल्यांकडून आला. तरी माझी ट्यूब पेटली नाही. मी रोज त्या फुलांचं पाणी बदलत होते.

समितीच्या बैठकीच्या दिवशी सकाळी तुमचे बंधू माझी स्लीपिंग बॅग उन्हात टाकायला गच्चीवर गेले. तळाशी हात घातला, तर घरटं. त्या उतारावरचं वाळकं गवत आणि माझ्या हरवलेल्या लाल टोपीची लोकर, छान पिंजलेली. ते खाली आले, घरटं टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, तुझा शोध तुझ्याबरोबरच आलाय, बिनतिकीट."

घरटं डब्यात घालून मी बैठकीला गेले. अध्यक्षबाई म्हणत होत्या, की नव्या नकाशाप्रमाणे हा प्राणी स्वयंपाकघरातसुद्धा सुखाने राहतो, मग खाणीला हरकत कसली? खाणवाले माना डोलवत होते. बोलले नाही तर डोंगर जातो, बोलले तर माझं नाव जातं. खरं सांगते, समोरचं ग्लासभर पाणी संपेपर्यंत मी नावाचाच विचार केला. मग उठले, डबा उघडला आणि म्हणाले, "हा उंदीर शहरात राहत नाही. तो माझ्या अंथरुणातून आला." अंथरूण हा शब्द निवडायला नको होता. मागच्या रांगेत असा हशा पिकला की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत.

"मग तुमच्या बाकीच्या नकाशावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवून बघा."

त्यांनी पाठवलं. ती मंडळी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पालथा घालून आली. उंदीर त्या एकाच उतारावर. खाली सपाटीवर नावालाही नाही. समितीने खाणीला परवानगी नाकारली. त्या मंडळींचं कौतुक झालं, माझा उल्लेख अहवालात 'पूर्वी झालेली चूक' एवढाच. ऑफिसात मला आता पातेलेबाई म्हणतात. उंदराला परत सोडता येत नाही, कारण शहरातला एखादा रोग घेऊन गेला तर सगळं कुळच बुडवायचा. तो आमच्या कचेरीत काचेच्या पेटीत असतो. मी समोर बसले की पाठ फिरवतो. अख्ख्या जगात त्याचं घर एका उताराएवढंच होतं, आणि ते माझ्यामुळे सुटलं. हसू येत नाही हो मला.

तब्येतीला जपा. फोटो तेवढा उतरवा.

तुमची भावजय

ता. क. : भाचीच्या शिबिरासाठी तुम्ही आमच्याकडची दुसरी स्लीपिंग बॅग नेलीत ना? डोंगरावर थंडी फार म्हणून मी दोन्ही नेल्या होत्या, हे मला आज माळा आवरताना आठवलं. ती घरात उलगडू नका. रिकाम्या पिंपात झटका आणि पांढरं टोक दिसलं, तर वर जाळी ठेवून मला फोन करा. शेजारी बोलू नका. एकच उंदीर आला, असं मी समितीला छातीठोकपणे सांगून बसले आहे.

आणखी ता. क. : बॅग आधीच उलगडली असेल आणि तुम्ही झाडूने निकाल लावला असेल, तर मला कळवू नका.

पुन्हा ता. क. : नाही, कळवा. मी परत समितीसमोर जाऊन उभी राहीन. फक्त शेपूट टाकून देऊ नका, पुरावा लागेल.