विगमुंडचा अर्धा चरण

संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस
आज सकाळी ओढ्यावर तोंड धुतलं, प्रार्थना केली आणि वीणा पाठीला लावून दलदल ओलांडली. सरदार ऑसलाफ यांनी मला गवई म्हणून ठेवून घेतलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला शेकोटीजवळ जागा मिळावी, ही देवाची कृपा. जेवण झाल्यावर लढाईचं गाणं म्हटलं. आमची रीत जुनीच: अर्धा चरण म्हणायचा, क्षणभर थांबायचं, मग त्याला जुळणारा दुसरा अर्धा. मंडळी खूश झाली. म्हातारा योद्धा बर्नोथ मात्र म्हणाला, "बरं गातोस रे बाबा. पण आमचा विगमुंड गायला लागला ना, की कुत्री तोंडातली हाडं टाकायची!" विगमुंड हा आधीचा गवई. उन्हाळ्यात वारला. कुंपणाबाहेरच्या उंचवट्यात पुरलाय.

रविवार
पुन्हा विगमुंड. आज सरदारांच्या बाईसाहेबांनी मद्य वाढताना मला त्याच्याच नावानं हाक मारली. मेलेल्या माणसाचा मत्सर वाटतो, याची प्रार्थनेत लाज वाटली. मत्सर मात्र गेला नाही.

मंगळवार
चुकलो. पेला हातात घेऊन केलेली प्रतिज्ञा मागे घेता येत नाही, आणि ज्याच्या नावानं ती केली, त्याला उत्तर द्यायचा हक्क असतो. हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी मी उठून बोललो, की विगमुंडपेक्षा सरस गाईन. "अरे गाढवा," बर्नोथ हळूच म्हणाला, "मेलेल्याला कोणी पेल्यावर आव्हान देतं का?" बाईसाहेबांनी दुसरा पेला भरून विगमुंडच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला.

बुधवार
अर्धा चरण म्हटला, थांबलो. दुसरा अर्धा कोणीतरी म्हटला. जमिनीखालून. माझ्यापेक्षा चांगला. कुत्र्यांनी हाडं टाकली.

शुक्रवार
न थांबता गायलो. श्वास घेतला तेवढ्यात — तोच. मंडळी त्याला शाबासकी देत होती, त्याला! भीती वाटते. पण त्याहून जास्त — तो शब्द मला का नाही सुचला?

शनिवार
मनात होतं ते केलं. दुपारी उंचवटा उकरला. तो गातानाच पुरल्यासारखा, तोंड उघडं. ते मी मातीनं ठासून भरलं. प्रार्थना आठवेना —
संध्याकाळी उभा राहिलो. अर्धा चरण. थांबलो. शांतता. जिंकलो! दुसरा अर्धा म्हणायला तोंड उघडलं, तर —
माती. थुंकतोय, थुंकतोय, आतून अजून —