पिंजरा क्रमांक दोन आणि सात ठणठणीत माणसं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, व्यवसाय मलेरियाची लस शोधणे (सापडली नाही), आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि दोन कप चहा झाल्यानंतर हे मृत्युपत्र करत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अनुदान समितीतली मंडळी पस्तीस वर्षं माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, त्यावरून हा दाखला मी तेव्हाच काढून ठेवायला हवा होता.

वकीलसाहेबांचं म्हणणं, मृत्युपत्रात मुद्द्याचं तेवढंच लिहावं. मुद्दा कलम सातमध्ये आहे. तिथे पोचायला मी मुद्दाम वेळ काढते आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, सामानासकट माझ्या लेकीला मिळावं. तिने गॅलरीतलं पाण्याचं पिंप दर आठवड्याला रिकामं करून घासावं. जिने जन्मभर डास पोसले तिच्याच घरात फुकटचे डास होऊ नयेत, एवढी माझी इभ्रत राखावी. लेकीने तिसरीत असताना ‘माझी आई’ या निबंधात लिहिलं होतं, ‘माझी आई दर रविवारी डासांना साखरपाणी द्यायला जाते. मग घरी येते. मग झोपते.’ वर्गाच्या बाईंनी खाली लाल शाईत ‘कल्पना छान’ असा शेरा मारला होता. कल्पना कसली डोंबलाची! शब्दन् शब्द खरा होता. बाळा, त्या रविवारांची भरपाई दोन खोल्यांनी होत नाही हे मला कळतं. पण माझ्याकडे एवढंच आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही तिलाच. आकडा ऐकल्यावर वकीलसाहेबांनी पेन रोखून विचारलं, ‘आणि बाकीचे पैसे?’ बाकीचे नाहीत.

कलम तीन. माझा स्वतःचा जुना मायक्रोस्कोप धाकट्या दिराला द्यावा. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि गेली वीस वर्षं घरी आला की आधी मायक्रोस्कोपला हात लावतो, मग माझी तब्येत विचारतो. ‘वहिनी, भिंगं काय झकास आहेत हो याची!’ घ्या भाऊजी, सुटलात. डावीकडचा स्क्रू ढिला आहे, तो तुम्हीच ढिला केलेला आहे.

कलम चार. न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून जी पितळी ढाल लावून ठेवली आहे, ती मला मिळालेला एकमेव पुरस्कार आहे. ती आमचे माजी संचालक ‘टायवाले’ यांना द्यावी. भर उन्हाळ्यातही ते टाय लावून यायचे आणि बारा वर्षांत डासघरात दोनदा आले, दोन्ही वेळा फोटोग्राफरला घेऊन. पुरस्कार ज्या शोधनिबंधासाठी मिळाला त्यावर त्यांचं नाव माझ्या आधी होतं. त्यांनी निबंध वाचला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. ढालीवर माझं नाव चुकीचं कोरलेलं आहे, पण त्यांना काही फरक पडणार नाही. कलम सात वाचून त्यांना ती नकोशी झाली, तर दार त्यांच्याकडेही असेलच.

कलम पाच. संस्थेच्या मोठ्या फ्रीजरमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्या सतरा लसी आहेत. कायद्याने त्या संस्थेच्या आहेत, पण त्या तिथे आहेत हे संस्थेला ठाऊक नाही. पहिल्या तिन्हींनी उंदीर आजारी पडले. पुढच्या पाचांनी काहीच झालं नाही. नवव्या लसीने उंदरांची भूक वाढली. त्यांना मलेरिया झालाच, फक्त गुटगुटीत होऊन झाला. दहावी ते सतरावी यांच्याबद्दल बोलायचं तर अकरावी सोडून काही बोलण्यासारखं नाही, आणि अकरावीबद्दल खाली येतंच आहे. सगळ्या नळ्या नियमाप्रमाणे वाफेत निर्जंतुक करून टाकून द्याव्यात.

कलम सहा. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर ‘त्यांनी मलेरियाशी झुंज दिली’ असं कोणी म्हणू नये. मलेरियाला त्याचा पत्ताही लागला नाही. बोलायचा खरा अधिकार माझ्या नवऱ्याचा होता, पण तो माझ्या आधी गेला. तो टाळी वाजवून डास मारायचा आणि मी लगेच विचारायचे, ‘मादी होती का?’ कारण चावते ती मादी. तो तळहात निरखून म्हणायचा, ‘विचारायचं राहिलं बुवा.’ असा माणूस मला मिळाला होता. त्याची फार आठवण येते.

कलम सात. आता सुटका नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्या अकराव्या लसीची माणसांवर चाचणी झाली. स्वखुशीने आलेल्या काही जणांना लस देतात, काहींना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांना मलेरियाचे डास चावू देतात आणि ताप कोणाला येतो ते बघतात. ताप आला की लगेच औषध सुरू करतात, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही, संशोधकाचं सोडून. माझ्या चाचणीत मिठाच्या पाण्यावरच्या चौघांनाही ताप आला. लसवाल्या दहांपैकी सात जण ठणठणीत राहिले. सात! वर्तमानपत्रात फोटो आला, ढाल आली, टायवाल्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली.

ते डास संस्थेच्या डासघरातले. डासघर म्हणजे जाळीचे पिंजरे मांडलेली उबदार, दमट खोली, आणि सोळा वर्षं ती खोली ज्यांच्या जिवावर चालली त्या म्हणजे मावशी. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेत उतरायला पंधराएक दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ऊब लागते. त्या महिन्यात एसी बिघडला आणि त्याचा गार झोत नेमका पिंजरा क्रमांक दोनवर येत राहिला. चाचणीच्या आदल्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

‘मॅडम, दोन नंबरचे डास गारठलेत. लाळेत अजून काही उतरलेलं दिसत नाही. पाच दिवस थांबा.’

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, ‘मावशी, डासांना आता स्वेटर विणताय की काय?’ आणि आपल्याच विनोदावर हसले. पिंजरा एकचे डास चौघांना चावले. पिंजरा दोनचे दहांना.

चावून झाल्यावर प्रत्येक डास कापून त्याच्या लाळेच्या ग्रंथीत जंतू आहेत का ते बघायचं असतं. मावशींनी बघितलं आणि वहीत लिहिलं. पिंजरा दोनच्या पन्नास डासांपैकी त्रेचाळीसांपुढे शून्य. म्हणजे माझ्या सात जणांना लसीने वाचवलं नव्हतं, एसीने वाचवलं होतं. वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती वाचली. मग अहवालात जंतूंच्या रकान्यात ‘पुरेसे’ असा शब्द लिहिला आणि वही खणात टाकली.

पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा झाली. एसी दुरुस्त झाला होता. सगळ्यांना ताप आला. समितीने विचारलं, असं कसं झालं? मी म्हटलं, ‘या खेपेला डासांत जंतू प्रमाणाबाहेर वाढले. डासघरात निगा नीट राखली गेली नसावी.’ नसावी! खोटं बोलतानासुद्धा शास्त्रज्ञाचा सावधपणा काही सुटला नाही. मावशींची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं त्यांनी नळ्या घासल्या. त्यात माझ्याही होत्या, आणि त्या सगळ्यांत स्वच्छ असायच्या. लोक त्यांच्या पाठीमागे म्हणायचे, हिच्यामुळे लस बुडाली. मी ऐकायचे आणि पुढे जायचे.

यावर विनोद करता येतो का ते मी बघितलं. येत नाही. मला लाज वाटते.

तरी माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत वकीलसाहेबांनी ती मूळ वही आणि माझा कबुलीजबाब संस्थेकडे, आणि शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवावा, आणि दोष सर्वस्वी माझा होता हे जाहीर करावं.

पुरवणी, त्याच दिवशी हाताने लिहिलेली. वरचं सगळं टाइप होऊन तयार होतं. चार वाजता दोन साक्षीदार बोलावले होते: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आणि मावशी. मावशी का, तर साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना बघितलं की झालं, असं वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. मला ते भलतंच सोयीचं वाटलं. माझ्या कबुलीच्या कागदावर त्यांची सही, आणि त्यांना गंधवार्ताही नाही! एवढं डोकं मी लसीत चालवलं असतं तर आज जग सुखी असतं.

मावशींनी पर्समधून चष्मा काढला.

वकीलसाहेब म्हणाले, ‘आजी, वाचायची तशी गरज नाही.’

‘तुम्हाला नसेल. मी न बघता कधी सही केलेली नाही.’

ओळीवर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं. लेकीच्या निबंधाला हसल्या. कलम सातला हसल्या नाहीत. डॉक्टर उगाच छताकडे बघत बसले. मी चहा करायला उठले आणि गॅस न पेटवताच परत येऊन बसले.

‘त्रेचाळीस,’ मावशी म्हणाल्या. ‘बरोबर आहे. म्हणजे वाचली होती तुम्ही वही. मला वाटायचं, न बघताच टाकली असेल.’

‘वाचली होती,’ मी म्हटलं.

‘आणि हे तुम्ही गेल्यावर पाठवणार?’

‘हो.’

‘मॅडम, मी सत्त्याहत्तरची आहे. तुम्ही एकाहत्तरच्या, आणि तुम्हाला ना बीपी ना साखर. मग हे मला कोण वाचून दाखवणार?’

पस्तीस वर्षं मी समित्यांपुढे उत्तरं दिली. इथे खरं तेच बोलले. ‘मावशी, मला भीती वाटत होती. लोक काय म्हणतील याची.’

‘मला म्हणालेच की लोक. अकरा वर्षं म्हणाले. मेले नाही मी.’

मी तिथेच संस्थेच्या आत्ताच्या संचालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. एसीपासून ‘पुरेसे’पर्यंत सगळं सांगितलं. मावशींनी मृत्युपत्रासोबत ठेवलेल्या पाकिटातून वही काढली आणि पिंजरा दोनचं पान स्वतः वाचायला घेतलं. पहिला, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. बाराव्याला संचालक म्हणाले, ‘आलं लक्षात, वही पाठवून द्या.’

‘अजून अडतीस आहेत,’ मावशी म्हणाल्या. ‘लिहून घ्या.’

त्यांनी लिहून घेतले. तासाभरात संस्थेचा माणूस येऊन वही आणि माझा सही केलेला कबुलीजबाब घेऊन गेला. दुसरी प्रत वकीलसाहेब उद्या नियतकालिकाला पाठवणार आहेत. सबब कलम सात रद्द समजावं. जे मी जिवंतपणी देऊन टाकलं ते मृत्युपत्राने देता येत नाही. मावशींनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जाताना चहा मात्र घेतला.

सह्यांच्या वेळी वकीलसाहेबांनी साक्षीदारांचा व्यवसाय विचारला. मावशींच्या पेन्शनच्या कागदावर ‘काचसामान’ असं आहे. वकीलसाहेब म्हणाले, ‘आजी, नुसतं निवृत्त लिहू?’ मावशींनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दिनांक: अकरा, मंगळवार, संध्याकाळी सहा

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) दंतवैद्य, खालचा मजला

साक्षीदार दुसरी: (सही) डासघर, सोळा वर्षं