माडावर चढलेली समुद्रगाय

४ ऑगस्ट, सकाळ.
आजपासून मुलांसाठी समुद्रगायीवर पुस्तक. गोष्ट नव्हे, माहिती. अख्ख्या तांजुंगपिनांग शहरातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली. नावावर एक पुस्तक नको? संपादिका सुरैया माझीच विद्यार्थिनी. फोनवर म्हणाली, गुरुजी, प्रत्येक वाक्य खरं हवं, आणि मुलांनी जांभया देता कामा नये. दोन्ही आपल्याला सहज. महिन्याभरात चाळीस पानं.

९ ऑगस्ट.
एक पान झालं. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर चार ओळींचं स्वरचित पंतून घालणार. पहिलं साधलं आहे:

समुद्रगाय चढे माडावरती,
खेकडा वाजवी पावा;
ज्ञानाची ज्याला लागली भरती,
तो बाळ मजकडे यावा.

बायकोला वाचून दाखवलं. रुकिया म्हणाली, अहो, ती माडावर कशाला चढतेय, खोबरं उतरवायला? जन्मभर मलय घरात राहून हा प्रश्न. पंतूनच्या वरच्या दोन ओळी यमकापुरत्या, अर्थ खालच्या दोन ओळींत. पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

१७ ऑगस्ट.
आमचा स्वातंत्र्यदिन, झेंडावंदन. लेखन बंद. देश आधी.

२० ऑगस्ट, दुपार.
शेजारचा आवांग कोळी ओट्यावर टेकला. समुद्रगाय पौर्णिमेला रडते, हा माझा सर्वांत सुंदर परिच्छेद त्याला वाचून दाखवला. आवांग म्हणतो, रडत नाही गुरुजी, पाण्याबाहेर काढली की डोळ्यांतून चिकट पाणी येतं, एवढंच. त्याचं ऐकून घेतलं, पानं भरायला त्याची काही वाक्यंही घेतली. परिच्छेद ठेवला. तिसरीत असताना आमच्या मास्तरांनी ते गाऊन सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग रडला होता. चाळीस मुलं उगाच रडतील?

२ सप्टेंबर.
चाळीस पानांचा मजकूर सुरैयाकडून परत आला. समासात चौतीस ठिकाणी ‘कशावरून?’ शाळेत असताना ही पोरगी एक प्रश्न विचारायची नाही. बारा तारखेला सहावीच्या वर्गात वाचून दाखवायचं. मुलांना पटलं तरच छापणार म्हणे. म्हणजे छापणारच.
पाठ दुखते आहे.

१२ सप्टेंबर.
वाचन झालं. मुलं खूप हसली. पुढच्या बाकावरची नाधिरा नावाची मुलगी म्हणाली, आजोबा, तिला पाय नाहीत, मग माडावर चढते कशी? मी समजावलं, अगं, पंतूनच्या वरच्या ओळी नुसत्या यमकापुरत्या. हो, ते माहितीये, म्हणाली. मग पेन्सिल काढली. म्हणाली, आजोबा, बाकीच्या पानांवर यमकापुरतं काय काय आहे ते सांगा, मी खुणा करते.
सगळ्या वर्गानं पेन्सिली काढल्या.
मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

१३ सप्टेंबर.
दिवसभर खुणा केल्या. ज्या वाक्याला ‘कशावरून’चं उत्तर नाही, त्यावर काट. मास्तरांची पौर्णिमा शेवटी खोडली. रुकिया न विचारता कॉफी ठेवून गेली.

१५ सप्टेंबर.
चाळीस पानांतली अकरा वाक्यं उरली. त्यांतली सात आवांगची. कुठलं कोणाचं ते समासात लिहून तीच पाठवून दिली.
संध्याकाळी सुरैयाचा फोन. गुरुजी, हे फार छान झालंय, असंच पुढे लिहा. आणि मुखपृष्ठावर आवांगकाकांचं नाव तुमच्या नावाच्या वर घालू का?
घाल म्हटलं. आवाज जरा बसला होता. हवा बदलते आहे.