वाकडं दार

१२ जून
ती. दादास शि. सा. न.

बाबा चिडचिड करतात म्हणतोस. कधी करत नव्हते ते सांग.

आता कामाचं. घरामागच्या ज्या उतारावरून आपण पोत्यावर बसून घसरायचो, तो म्हणजे जमिनीतली भेग आहे, असं आमच्या भूगर्भ खात्याच्या मोजणीत दिसतंय. समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो आणि त्यातून आपला ज्वालामुखी झाला, हे शाळेत शिकलो. पण तो रेटा तिथेच थांबत नाही. ज्वालामुखीमागची जमीन उष्णतेने मऊ पडलेली असते. ती दबते, तडकते आणि खडकाचा एक थर दुसऱ्यावर चढतो. तू गादीवरची चादर पायांनी रेटायचास आणि घड्या माझ्या बाजूला उठायच्या, तसंच. मोठा धक्का कधी बसेल सांगता येत नाही, पण घर नेमकं भेगेच्या तोंडाशी आहे. बाबांना तिथून हलव.

तुझी,
धाकटी

२० जून
चि. धाकटीस अ. आ.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. डोंगर धूर ओकत होता तेव्हा हललो नाही, आता चादरीला भिऊ का, म्हणाले. घर त्यांनी स्वतः बांधलेलं, आई तिथेच गेली. ते कसले ऐकतात.

स्वयंपाकघराचं दार पुन्हा अडकतंय. आठवतं? दरवर्षी बाबा ते उतरवून खालून रंधा मारायचे आणि आई म्हणायची, सुतार म्हणवता आणि घरचंच दार वाकडं. यंदा मी रंधा मारला, तर बाबा तोंड फिरवून बसले. आईची फार आठवण आली गं.

तुझा,
दादा

२८ जून
ती. दादास शि. सा. न.

दार वाकडं नाही रे, चौकट दबतेय. जमीनच तिला रेटतेय. बाबांना दोरी दे आणि चौकट कोपऱ्यातून कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी तिरकी मोजायला सांग. सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी येतील. माझं नाही तर दोरीचं तरी ऐकतील.

वाट पाहणारी,
धाकटी

१५ जुलै
चि. धाकटीस अ. आ.

बाबांनी मोजलं. एक कोपरा चांगलाच आत आलाय. पुन्हा मोजलं, मग दोरी गुंडाळत बसले. हे तुमच्या आईला कळायला हवं होतं, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच सामान बांधायला घेतलं. अट एकच, दार बरोबर न्यायचं.

आता आम्ही शहरात, माझ्या वर्कशॉपवरच्या खोलीत आहोत. दार इथे बसवलं. चौकट सरळ आहे आणि दार दरवर्षी तासलेलं, त्यामुळे खाली एका कोपऱ्याशी चार बोटं फट राहते. पट्टी ठोकतो म्हटलं, तर नको म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला फट दाखवून सांगतात, चूक माझ्या हाताची नव्हती.

काल मात्र दाराकडे बघत हसले. म्हणाले, ती असती तर म्हणाली असती, बघा, इथेही वाकडंच.

माया आहे तशीच राहू दे.
दादा