मी आणलेल्या गोळ्या

आप्पा, आज तुमच्या पायाची आठवण झाली, म्हणून लिहायला बसले.

इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सुत गुंडाळलेला जड बीम मागावर चढवताना तो तुमच्या पायावर घसरला, बोटाजवळ जखम झाली. तुम्ही चिंधी बांधून दिवसपाळी पुरी केलीत. दवाखान्यात चला म्हटलं की कामाचा खाडा होतो म्हणायचात. मी तेव्हा रोज कोल्हापूरला जाऊन कॉम्प्युटर शिकत होते. घरात शिकलेली मीच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीच चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत ठणका कमी झाला आणि तुम्ही त्या सोडल्या. जखम पुन्हा चिघळली, मी दुसऱ्या आणल्या. मग तिसऱ्या. शेजाऱ्यांना तुम्ही कौतुकानं सांगत होतात, आमची पोरगी डॉक्टरच हाय.

शेवटी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ताप उतरतच नव्हता. पुवाच्या तपासणीचा कागद आला. जंतू एकाही नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, आधी काय काय घेतलं, कुणी दिलं? मी खाली मान घालून उभी. तुम्ही म्हणालात,

"मीच आणून खाल्ल्या. पोरीला काय ठावं न्हाय."

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता माझं काम अशाच, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर आहे. जंतूंची जनुकं माझ्याकडे अक्षरांच्या लांबलचक रांगा होऊन येतात. कुठलं अक्षर बदललं की कुठलं औषध लागू पडेनासं होतं, ते हुडकायला मी संगणकाला शिकवते. आज माझ्या विद्यार्थिनीनं पडद्यावर हजारो माणसांचं एक खोटं गाव वसवलं, त्यांना मनाला येतील तशा गोळ्या घ्यायला लावल्या. आम्ही बघत राहिलो. साधे जंतू मरत जातात, चिवट तेवढे उरतात आणि घरोघर पसरतात. तिनं विचारलं, यातला एखादा माणूस नक्की कशानं गेला, हे सांगता येईल? मी म्हटलं, नाही. गावाचं सांगता येतं, एका माणसाचं नाही. तुमच्या जखमेत ते जंतू पहिल्यापासूनच चिवट असतील, किंवा माझ्या गोळ्यांनी तेवढेच उरले असतील. मला ते कधीच कळणार नाही. तिला शांतपणे उत्तर दिलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

परवा आई शेजारणीला सांगत होती, ह्यांनी कुणाचं ऐकलं न्हाय, मनानंच गोळ्या खाल्ल्या. मी तिथंच भाजी निवडत होते. तशीच निवडत राहिले.